पाचशे भरा आणि खेळा: आमच्या सोसायटीच्या कमिटीला खुलं पत्र

प्रति,
चेअरमन साहेब, सेक्रेटरी काका, खजिनदार काकू आणि कमिटीतले बाकी सगळे,

सप्रेम नमस्कार.

हे ग्रुपवर टाकलं असतं तर खाली लगेच पंचवीस गुड मॉर्निंगची फुलं आली असती आणि माझं म्हणणं वरच्या वर निघून गेलं असतं, म्हणून असं उघड पत्र लिहितेय. मी बी विंगमधली, दोन मुलांची आई, मोठा बाराचा, धाकटा आठचा, आणि हो, तोच धाकटा ज्याचं नाव गेल्या महिन्यात नोटिस बोर्डवर लागलं होतं. आता तुम्ही म्हणाल हिला पोराची बाजू घ्यायचीये. घ्यायचीये थोडी, खोटं कशाला बोलू, पण पूर्ण वाचा.

आधी एक सांगते. सेक्रेटरी काका, जुलैमध्ये तो मोठा पाऊस झाला आणि पंपाच्या खोलीत पाणी शिरलं, त्या रात्री दीड वाजता तुम्ही लेंगा वर खोचून टॉर्च घेऊन खाली उभे होतात आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत जागचे हलला नाहीत, मी किचनच्या खिडकीतून बघत होते. सकाळी सगळ्यांच्या नळाला पाणी आलं ते त्यामुळे. हे तेव्हाच खाली येऊन सांगायला हवं होतं, मी नाही सांगितलं, कोणीच नाही सांगितलं, उलट दुसऱ्या दिवशी ग्रुपवर 'प्रेशर कमी येतंय' असे सात मेसेज पडले. हा मस्का नाही हो. हे का लिहिलं ते पुढे येईलच.

तर ती नोटिस. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी: कंपाउंडमध्ये क्रिकेट किंवा फुटबॉल खेळताना आढळल्यास रु. ५०० दंड संबंधित सदस्याच्या मेंटेनन्स बिलात लावला जाईल, लिफ्टची बटणे विनाकारण दाबणाऱ्या मुलांची नावे फलकावर लावली जातील, आणि एकाही गाडीला बॉल लागल्यास सर्व मुलांचे खेळणे आठ दिवस बंद. खाली 'आदेशावरून'. कोणाच्या आदेशावरून ते नाही. असा दंड लावायचा तर जनरल बॉडीत ठराव व्हावा लागतो आणि तसा झालेला मला तरी आठवत नाही, पण ते भांडण आज नको, ते एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, करू समोशांबरोबर.

नोटिस लागली सोमवारी. बुधवारी संध्याकाळी मी भांडुप स्टेशनवरून चालत गेटमध्ये शिरले तर पोरं खेळतच होती. वॉचमन काका म्हणाले, मॅडम, बघा. झालं असं होतं की ए विंगच्या एका मुलाच्या पप्पांनी गाडीतून उतरता उतरता सगळ्यांसमोर सांगितलं, "पाचशेच ना? लावू दे बिलात. खेळ तू बिनधास्त." आणि तो बिनधास्त खेळत होता. मी त्या पोराला चार वर्षं बघतेय, आधी तो सेक्रेटरी काका दिसले की बॅट पाठीमागे लपवायचा, सॉरी काका म्हणायचा, खोटं का होईना पण म्हणायचा. आता तो बॅट टेकून उभा होता, आमच्या बापाने पैसे भरलेत असा. आणि बॉलिंग करणारा जो मुलगा आहे ना, भाड्याने राहणाऱ्यांचा, त्याच्या आईने त्याला वरून हाक मारून घरात घेतलं, कारण तिच्याकडे पाचशे म्हणजे आठवड्याची भाजी आणि दूध. म्हणजे दंडाने खेळ बंद झाला नाही, फक्त कोणी खेळायचं ते ठरलं.

माझ्या मोठ्याने रात्री जेवताना विचारलं, "मम्मी, आपण पण महिन्याचे पाचशे भरू ना." महिन्याचे! त्याने पास समजला.

हे असं होतं याच्यावर लोकांनी अभ्यास केलाय, मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. धाकट्याच्या शाळेत काउन्सेलर मॅडम आहेत, त्यांनी पालकसभेत एक गोष्ट सांगितली आणि मी मग ८:१२ च्या लोकलमध्ये (सीट मिळाली तर) वाचत बसले. इस्रायलमध्ये हैफा म्हणून शहर आहे, तिथल्या १० पाळणाघरांत प्रॉब्लेम हा की आईबाप मुलांना घ्यायला उशिरा येतात आणि टीचरला बसून राहावं लागतं. ग्नीझी आणि रुस्टिकिनी म्हणून दोन अर्थशास्त्रज्ञ, त्यांनी काय केलं, चार आठवडे नुसतं मोजलं कोण किती उशिरा येतंय ते, मग त्यातल्या ६ पाळणाघरांत दंड सुरू केला, दहा मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला की प्रत्येक मुलामागे १० शेकेल, तिथलं चलन. काय व्हायला हवं होतं? उशीर कमी. झाला काय? वाढत वाढत जवळजवळ दुप्पट झाला. कारण आधी उशीर झाला की आईला वाटायचं अरे बाई ती टीचर बिचारी थांबली असेल माझ्यासाठी, आणि ती धावत यायची. दंड आल्यावर ती टीचर बिचारी राहिली नाही, जास्तीच्या वेळेचे पैसे घेणारी झाली. आणि खरी गंमत पुढे, सतराव्या आठवड्यापासून दंड काढून टाकला तरी उशीर कमी झाला नाही, तो तिथेच राहिला. लाज एकदा विकली गेली ती परत मिळाली नाही. २००० साली छापून आलंय हे.

म्हणून काका, घाईने म्हणतेय. नोटिस काढून टाकली तरी ए विंगचा तो मुलगा बॅट लपवायला लागेल का याची मला खात्री नाही, पण जितका उशीर कराल तितकं अवघड.

आपल्याला हे नवीन आहे का पण? लोकलमध्ये विदाउट तिकीट पकडलं तर कमीत कमी २५० रुपये दंड आणि वर भाडं, आणि तुम्हाला मला सगळ्यांना असा एकतरी माणूस माहितीये जो हिशोब करून सांगतो की महिन्यातून एकदाच पकडतात, पास परवडत नाही त्यापेक्षा. नो पार्किंगचं चलन आलं की 'चला, तेवढ्यात पार्किंग पण झालं' म्हणणारे तर आपल्याच सोसायटीत तीन आहेत, नावं लिहीत नाही, मी बोर्ड लावणाऱ्यातली नाही.

याचा अर्थ पोरांनी काहीही करावं आणि आपण हसावं असं मी म्हणत नाहीये, नाहीतर लगेच कोणीतरी म्हणेल की आजकालच्या आयांना मुलांना काही बोललेलं चालत नाही. चालतं. चुकीचा परिणाम भोगायलाच हवा, पण तो कसा ते बघा.

२०२० च्या जानेवारीत मुंबई पोलिसांनी एक व्हिडिओ टाकला होता, आठवतोय? सिग्नलवर डेसिबल मीटर बसवलेले, लोकांनी हॉर्न वाजवून आवाज ८५ डेसिबलच्या वर नेला की लाल सिग्नलचे सेकंद परत पहिल्यापासून. हॉर्न जास्त, थांबणं जास्त. सीएसएमटी, मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हिंदमाता, बांद्रा अशा ठिकाणी करून बघितलं होतं. माझं माहेर परळचं, त्यामुळे हिंदमाता सिग्नल म्हणजे काय ते मला सांगू नका, आम्ही लहानपणी तिथे गुडघाभर पाण्यातून शाळेत गेलोय आणि पाणी नसेल तेव्हा हॉर्न. तर त्या सिग्नलची मजा ही की कोणी पावती फाडली नाही, कोणी ओरडलं नाही, कोणाच्या बापाचं नाव विचारलं नाही. तुम्ही हॉर्न कशासाठी वाजवताय, लवकर जायला. तर तेच मिळणार नाही, आणि आत्ताच्या आत्ता मिळणार नाही, महिनाअखेरीच्या बिलात नाही. आठ वर्षांच्या पोराला महिनाअखेरीचं बिल म्हणजे काय कळणार, ते बिल त्याने कधी बघितलेलंच नाही, तो दंड माझ्या नवऱ्याला झाला आणि नवरा माझ्यावर ओरडला, आणि मी पोरावर, तोपर्यंत पोराला आठवतही नव्हतं आपण नक्की काय केलं होतं.

पण त्या सिग्नलमध्ये एक खोट मला तेव्हाच खटकली होती, जो गुपचूप उभा होता तोही अडकला ना. हॉर्न मागच्या टेम्पोवाल्याने वाजवला आणि थांबली पुढची स्कूटीवाली. थोड्या दिवसांच्या प्रयोगात चालून जातं, पण तुमच्या नोटिशीतलं तिसरं कलम तेच आहे, एकाने बॉल मारला की सगळ्यांचं आठ दिवस बंद. त्याचा परिणाम सांगू? पोरं सुधारली नाहीत, त्यांनी सी विंगच्या एका बारीकशा मुलाला टीममधून काढून टाकलं कारण त्याचा बॉल हमखास गाडीला लागतो. तो आता जिन्यात एकटा बसून मोबाइल बघतो. शांतता आहे, हो, तक्रार नाही.

आता नावांच्या बोर्डबद्दल, कारण तो माझा दुखरा भाग आहे.

चार नावं होती. त्यातली एक सात वर्षांची मुलगी आठवडाभर खाली आली नाही, शाळेच्या बसला सोडायला आई यायची तेव्हा ती मुलगी बोर्डच्या बाजूला दप्तर धरायची, म्हणजे नाव दिसू नये. आणि दुसरा एक, तेरा वर्षांचा, त्याने बोर्डसमोर उभं राहून दोन बोटं दाखवत फोटो काढला आणि डीपी ठेवला. तो हिरो झाला. त्यानंतर त्याच्या मित्रांना पण नाव यायला हवं होतं, लिफ्ट तीन दिवस प्रत्येक मजल्यावर थांबत होती, तुम्हीच तर तक्रार करत होतात. एकच बोर्ड, एकीला लाज इतकी की घराबाहेर पडेना आणि दुसऱ्याला बक्षीस. स्किनर म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होता, उंदीर आणि कबुतरांवर प्रयोग करणारा, त्याच्या सगळ्या कामाचा मला समजलेला अर्थ एवढाच, की आपण काय समजून दिलं त्याला काही किंमत नाही, दिल्यावर वागणं वाढलं तर ते बक्षीस होतं, कमी झालं तर शिक्षा. त्या हिशोबाने तुम्ही त्या तेरा वर्षांच्याला जाहीर सत्कार दिलात.

आणि शाळेत २००९ च्या शिक्षण हक्काच्या कायद्याने, कलम १७, मुलाला मारायला आणि मानसिक छळ करायलाही बंदी आहे. सोसायटी शाळा नाही, मान्य. पण जे मास्तरांना करता येत नाही ते आपण नोटिस बोर्डला ड्रॉइंग पिन लावून करतोय, एवढं मनात येऊ द्या.

आता माझं सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी फार शहाणी. धाकटा चार वर्षांचा असताना सुपरमार्केटच्या बिलिंगला लाइनमध्ये उभी होते, तिथे मुद्दाम चॉकलेटं पोरांच्या उंचीवर लावलेली असतात, त्याने मागितलं, मी नाही म्हटलं, तो रडला, मी नाही म्हटलं, तो जमिनीवर आडवा झाला आणि मागच्या बाईने "अगं दे ना एक, काय होतंय" म्हटल्यावर मी दिलं. गप्प झाला. मला वाटलं सुटले. काउन्सेलर मॅडमनी हे नंतर उलगडून सांगितलं, की त्या क्षणी दोघं शिकलो. तो शिकला की आडवं झाल्यावर चॉकलेट मिळतं, आणि मी शिकले की चॉकलेट दिल्यावर आवाज थांबतो. माझ्या बाजूला जे झालं त्याला म्हणे निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट म्हणतात, लोक त्याला शिक्षा समजतात पण ती शिक्षा नाही, नकोसं काहीतरी थांबतं म्हणून आपण तेच परत करतो, गाडीत बेल्ट लावला की टूं टूं बंद होतं तसं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दर वेळी देणं नाही, कधीतरी देणं. दहा वेळा नाही म्हणून अकराव्या वेळी दिलं की पोरगं बारा वेळा रडायची तयारी करून येतं. लॉटरी खेळणारा जसा रोज लागत नाही म्हणूनच रोज तिकीट घेतो.

मग मी ठरवलं की नाही म्हणजे नाही. पहिले चार दिवस इतका आरडाओरडा की शेजारच्या आजी बेल वाजवून विचारून गेल्या, बाळाला बरं नाही का. हे पण होतंच म्हणे, जे आधी मिळायचं ते मिळेनासं झालं की आधी जोर वाढतो आणि मग कमी होतो. आपली लिफ्ट आली नाही की आपण बटण एकदा दाबून थांबतो का? दहा वेळा दाबतो. (लिफ्टची बटणं विनाकारण दाबणाऱ्यांच्या यादीत मोठी माणसंही टाका मग.) पाचव्या दिवशी ओसरलं. चौथ्या दिवशी दिलं असतं तर मेलेच होते मी.

एकदा हात पण उचललाय. मोठ्यावर, सातचा पाढा. लिहायला लाज वाटते पण लिहिते, कारण त्यानंतर तो सातचा पाढा शिकला नाही, वही कुठे लपवायची ते शिकला.

त्यानंतर आला स्टार चार्ट. कोणीतरी सांगितलं, फ्रिजवर चार्ट लाव, चांगलं वागलं की स्टार, दहा स्टार झाले की काहीतरी घेऊन दे. पहिला आठवडा इतका छान गेला की मी ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगत सुटले. दुसऱ्या आठवड्यात धाकटा म्हणाला, "मम्मी, ताट उचललं, किती स्टार?" मी म्हटलं एक. "पाणी पण भरलं." दोन. तिसऱ्या आठवड्यात आजीला चष्मा आणून द्यायचे त्याने स्टार मागितले. आजीला! जी त्याला मांडीवर घेऊन वरणभात भरवायची, तिच्या चष्म्याचा रेट ठरला. माझी सासू काही बोलली नाही, उठली आणि स्वतःच चष्मा घेऊन आली. त्या दिवशी मी चार्ट फाडला.

तर बक्षीस म्हणजे आपोआप चांगलं असंही नाही हो. १९७३ मध्ये अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निसबेट या तीन मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतली चित्र काढायला आवडणारी मुलं घेतली, तीन ते पाच वर्षांची. काहींना आधीच सांगितलं चित्र काढलंत तर सोनेरी स्टार आणि रिबीनवालं सर्टिफिकेट मिळेल, काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच नाही. मग एक दोन आठवड्यांनी ते स्केचपेन असेच वर्गात ठेवले, कोणी काही सांगितलं नाही. ज्यांना आधी कबूल करून दिलं होतं ती मुलं बाकीच्यांच्या निम्माच वेळ चित्रं काढत होती. आधी मजा होती, आता काम झालं, आणि कामाचे पैसे देणार नसाल तर कोण करणार. जी गोष्ट मूल आपणहून करतं तिला दाम लावू नये, आणि जी अजिबातच करत नाही तिला सुरुवातीला थोडं आमिष दाखवलं तर बिघडत नाही, पुढे ते हळूहळू काढून घ्यायचं. हे मला चार्ट फाडल्यावर कळलं, आधी कळलं असतं तर सासूबाईंची माफी मागावी लागली नसती.

आमच्या घरात शेवटी दोनच गोष्टी टिकल्या. एक म्हणजे माझ्या आजीचं जुनं, आधी भाजी मग श्रीखंड. याला सुद्धा प्रीमॅक नावाच्या माणसाने १९५९ मध्ये शास्त्रात बसवलंय, आवडीचं काम नावडत्याच्या मागे जोडायचं, आणि तिकडेही त्याला आजीचा नियमच म्हणतात, म्हणजे आज्या सगळीकडच्या सारख्याच. दुसरी गोष्ट, चांगलं दिसलं की तिथल्या तिथे, नक्की काय केलं ते सांगायचं. 'शहाणं बाळ' नाही. 'तू दार हळू लावलंस म्हणून आजी झोपून राहिली' असं. पहिल्यांदा मला स्वतःलाच नाटकी वाटलं, आपल्याकडे पोरांना तोंडावर चांगलं म्हणायची सवय कुठे, डोक्यावर बसतील, दृष्ट लागेल, माझ्या बाबांनी मला दहावीला ७९ टक्के पडल्यावर विचारलं होतं एक कुठे गेला. पण करून बघा. दार आता हळू लागतं. रोज नाही, पण लागतं.

आणि हे सगळं पुस्तकाशिवाय करणारा एक माणूस आपल्या गेटवर बसलाय आणि त्याला तुम्ही मेमो दिलात.

काय झालं होतं ते मी प्रत्यक्ष बघितलं. शनिवारी दुपारी धाकट्याचा बॉल त्या पांढऱ्या वॅगनआरच्या बोनेटवर बसला, पावसाचा चिखल लागलेला बॉल, गोल डाग. पोरं पांगली. वॉचमन काकांनी हाक मारली, ओरडून नाही, "ए, इकडे ये." धाकटा आला, मान खाली. काकांनी त्याला मागच्या नळावरची बादली दाखवली. त्याने अर्धी बादली आणली, निम्मी पायावर सांडली. काकांनी त्यांच्या खांद्यावरचं फडकं दिलं. त्याने डाग पुसला, मग काकांनी बोट दाखवलं, आरशाखाली पण शिंतोडे होते, ते पुसले. पाच मिनिटं. मग काका म्हणाले, "हां, आता स्वच्छ. बॉल उद्या घे. आज कॅचचा सराव करा हाताने." बॉल केबिनच्या खिडकीत ठेवला, जिथून तो दिसत राहील. बस. बापाला फोन नाही, नाव नाही, पाचशे नाहीत. दुसऱ्या दिवशी बॉल देताना म्हणाले, "काल फडकं पिळून वाळत टाकलंस ते बरं केलंस, नाहीतर वास आला असता." माझ्या पोराने घरी येऊन मला तेवढंच सांगितलं, डाग पडला ते नाही, फडकं वाळत टाकल्याचं. त्यानंतर तो त्या गाडीच्या बाजूला बॅटिंग घेत नाही, भिंतीकडे तोंड करून खेळतात.

आणि कमिटीने त्यांना काय लिहून दिलं, तर मुलांना लाडावून ठेवता, नियमांची अंमलबजावणी करत नाही. काका मराठी नीट वाचत नाहीत, त्यांनी ते पत्र माझ्याकडून वाचून घेतलं. मला वाचताना काय वाटलं असेल ते सोडा.

मोठ्यांचंही तेच आहे ना. थकबाकीदाराला आपण व्याज लावू शकतो, लावतोही, आणि यादीत नावं वर्षानुवर्षं तीच. पण तळमजल्यावरचे आजोबा, दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत चेक स्वतः ऑफिसात आणून देतात, काठी टेकत, त्यांना कोणी कधी म्हटलं का, आजोबा तुमच्यामुळे लिफ्टवाल्याचं बिल वेळेवर जातं? आपल्याला लक्षच मुळी चुकणाऱ्याकडे द्यायची सवय. वर्षातून एकदा गणपतीत आठवण येते, मग एकदम सगळ्यांना उत्तेजनार्थ बक्षीस. मला तो शब्द फार आवडतो, उत्तेजनार्थ, पण आपण त्याचं काय करून ठेवलंय बघा, वेशभूषेत भाग घेतला, कंपास बॉक्स, नाही घेतला, तरी कंपास बॉक्स, माझ्या घरात सहा आहेत. आणि गेल्या वर्षी सी विंगचा तो बारीकसा मुलगा, तोच बॉल गाडीला मारणारा, पाच दिवस दोन्ही वेळच्या आरतीला सगळ्यांच्या चपला ओळीत लावत होता, न सांगता, म्हाताऱ्यांच्या चपला सगळ्यात पुढे. त्याला पण कंपास बॉक्सच मिळाला. चपलांबद्दल कोणी बोललं नाही. मीही नाही.

तर आता मागणं. नोटिस काढा, ज्यांना दंड लागला त्या पाचही जणांचे पाचशे पुढच्या बिलात वळते करा, आमचे शेवटी केले तरी चालतील. पाच ते सात मागच्या बाजूला खेळायची परवानगी लेखी द्या, कारण पोरांना नुसतं कुठे खेळू नका ते सांगितलंय, कुठे खेळा ते कोणी सांगितलेलंच नाही. गाडीला बॉल लागला तर ज्याने मारला त्याने पुसायची आणि बॉल त्या दिवसापुरता केबिनमध्ये, फक्त तो बॉल, सगळ्यांचा खेळ नाही. काच फुटली तर मुलाने स्वतः त्या घरी जाऊन सांगायचं, आईबाप मागे उभे राहतील, बोलायचं त्याने, आणि थोडे पैसे त्याच्या दिवाळीच्या ओवाळणीतून जातील, सगळे नाहीत, त्याला झेपतील तेवढे. आठवडा बिनतक्रारीचा गेला तर शनिवारी मागचा हॅलोजन अर्धा तास जास्त चालू ठेवू, त्याचं लाइट बिल मी देते वाटल्यास. ही लाच आहे असं कोणी म्हणेल. लाच चुकीचं काम करून घ्यायला देतात, हे आधी सांगून ठेवलेलं आहे, आणि रडारड थांबवायला मध्येच दिलेलं नाही. फरक बारीक आहे, मला कळायला चार वर्षं लागली.

नियम पोरांनाच बसवून लिहायला लावा. माझा मोठा म्हणतो, तीन गाड्यांना लागला तर ज्याचा बॉल त्याची महिनाभर फील्डिंग. मी म्हटलं एवढं कडक नको. पोरं आपल्यापेक्षा कडक असतात.

आणि वॉचमन काकांचा मेमो मागे घ्या. तो लेखी दिलात, तर हेही लेखी द्या, मी वाचून दाखवीन त्यांना.

रविवारी सकाळी साडेदहाला ऑफिस उघडं असतं ना, मी येते, ए विंगचे ते पप्पा पण येतो म्हणालेत, त्यांचाही म्हणे पोराबरोबर रोज वाद होतोय आता, तो घरी पण प्रत्येक गोष्टीला 'किती भरायचे' विचारतो. चहा माझ्याकडून.

एक राहिलंच. तुमच्या ऑफिसच्या कपाटात जप्त केलेले चौदा बॉल आहेत, धाकट्याने खिडकीतून मोजलेत. त्यातला हिरवा, एका बाजूला सेलोटेप लावलेला, तो आमचा नाही. तो सी विंगच्या मुलाचा आहे, जिन्यात बसतो ना, त्याचा. त्याला आधी द्या, आणि देताना चपलांचं सांगा.

आपली,
बी विंग, दुसरा मजला